खोकल्याचा फोटो काढू नका

२०२५च्या मार्च महिन्यात पेडणे तालुक्यातल्या एका पंचायतीच्या सभागृहात कार्यक्रम होता. निमित्त जागतिक क्षयरोग दिनाचे. पंचायतीचे नाव मी लिहिणार नाही. का लिहिणार नाही ते पुढे कळेल. मंचावर समई होती, मागे बॅनर होता आणि बॅनरवर पुढाऱ्यांचे चेहरे एवढे मोठे की त्यात 'क्षयरोग' हा शब्द शोधावा लागत होता. स्वागत झाले, पुष्पगुच्छ झाले, तीन भाषणे झाली. मग सूत्रसंचालकाने माइकवरून पाच नावे वाचली. नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावासकट, वाड्यासकट! एकेक जण मंचावर आला. प्रत्येकाच्या हातात तांदूळ, तूरडाळ, तेल, गूळ आणि शेंगदाणे भरलेली टोपली ठेवण्यात आली. टोपली देणाऱ्यांचे हात सात-आठ आणि घेणाऱ्याचे दोन. "हंय पळयात, हंय पळयात" म्हणत फोटोग्राफरने फोटो काढले.

पाचातली एक बाई तिशीच्या आतली होती. ती टोपली घेताना मान खाली घालून उभी राहिली आणि फोटोच्या क्षणी तिने साडीचा पदर तोंडावर ओढला. फोटोग्राफर म्हणाला, "पदर काड गो, मुखामळ दिसना." तिने पदर काढला.

सभागृहात टाळ्या वाजल्या. कशासाठी, ते मला अजून कळलेले नाही.

रात्री आठपर्यंत तो फोटो आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर होता. खाली अंगठे, जोडलेले हात, 'स्तुत्य उपक्रम' वगैरे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पदेराकडे पाव घेताना माझ्या कानावर जे पडले ते असे : "अगो, तिका टीबी आसा? कोणाक खबरच नासली!"

मित्रहो, मला भांडायचे आहे ते या फोटोशी. डॉक्टरांशी माझे भांडण नाही, औषधांशी नाही, घरोघर फिरून थुंकीचे नमुने गोळा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी तर मुळीच नाही. पेडण्याच्या सामाजिक आरोग्य केंद्रात, कासारवर्ण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही माणसे जे काम करतात ते मी जवळून पाहिले आहे. दुचाकीवरून डोंगरावरच्या वाड्यापर्यंत जाऊन "आज गोळी घेतली का" म्हणून विचारणारे लोक आहेत हे. त्यांच्या कामाला कोणी समई लावत नाही. माझे भांडण आहे ते त्यांचे काम एका फोटोत मातीमोल करणाऱ्या हौसेशी.

हा रोग आपल्याकडे लपवला जातो. आजचे नाही हे, फार जुने आहे. आपल्या पुराणात या रोगाची जन्मकथाच आहे. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या होत्या, त्याचा जीव जडला एकट्या रोहिणीवर. बाकीच्या सव्वीस बापाकडे तक्रार घेऊन गेल्या आणि दक्षाने जावयाला शाप दिला, तुला क्षय होईल. चंद्र झिजू लागला. पुढे प्रभासतीर्थी उःशाप मिळाला, म्हणून तो पंधरा दिवस झिजतो आणि पंधरा दिवस वाढतो. राजा सोमाला झालेला म्हणून हा राजयक्ष्मा. कथा सुंदर आहे, पण तिच्या पोटात काय दडले आहे ते पाहा. रोग झाला तो चंद्राच्या वागण्यामुळे! जंतूमुळे नव्हे, उपासमारीमुळे नव्हे, कोंदट खोलीमुळे नव्हे. माणूस झिजतो आहे ना, मग त्याने काहीतरी केले असणार. आजही एखादा तरुण खोकताना दिसला की आधी विचारतात, दारू पितो का, कुठे जातो-येतो का. बाई असली तर विचारतही नाहीत, नुसते बघतात.

आमच्या पेडण्याला या झिजणाऱ्या-वाढणाऱ्या चंद्राचा मोठा उत्सव आहे. कोजागिरीच्या सुमारास भरणारी पेडण्याची पुनव. तरंगे निघतात, भूतनाथ एका रात्रीत देऊळ बांधून मागतो, भक्त त्याची समजूत घालतात. आणि लांबलांबहून माणसे येतात ती अंगातले भूत काढायला. हजारो लोकांच्या गर्दीत एखादी बाई केस मोकळे सोडून घुमते, किंचाळते, आणि तिच्या घरचे लोक तिला धरून उभे असतात. मी लहानपणापासून हे पाहिले आहे. त्यावर अंधश्रद्धा म्हणून चार ओळी खरडणे सोपे आहे, पण आज तो विषय नाही. मला एवढेच खटकते की आमच्याकडे भूत लागले हे चारचौघांत सांगता येते. त्यात घरची अब्रू जात नाही. उलट लोक वाट करून देतात. क्षय झाला हे मात्र सख्ख्या भावाला सांगता येत नाही.

आमच्या घरात तेच झाले.

माझे थोरले काका मुंबईला होते. पन्नासच्या दशकात पेडण्यातल्या घराघरातून कोणी ना कोणी मुंबईला असायचाच, तसे तेही गेले. गिरगावात गाववाल्यांची एक खोली होती. दहा बाय बाराच्या त्या खोलीत पंधरा-सोळा पुरुष पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच चटयांवर आडवे व्हायचे. खिडकी एक, आणि तीही मागच्या गटारावर उघडणारी, म्हणून बंद. काका तिथे बारा-तेरा वर्षे राहिले. १९६८ साली ते गावी परत आले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला आठवतो तो त्यांचा शर्ट. खांद्यावर नुसता टांगल्यासारखा.

पडवीच्या टोकाला एक खोली होती, त्यात पूर्वी नारळ ठेवत. नारळ काढून तिथे काकांची खाट टाकली. त्यांचे ॲल्युमिनियमचे ताट वेगळे, तांब्या वेगळा. आई ते ताट माडाच्या बुंध्याशी राख लावून घासायची आणि मग उन्हात पालथे घालायची. आम्हा मुलांना त्या बाजूला जायची बंदी. विचारले तर सांगायचे, काकांना दमा आहे. शेजारी विचारीत, त्यांनाही दमाच. सोयऱ्यांना, भटजींना, देवळातल्या कौलालासुद्धा दमा! 'शिवडी' हा शब्द आजी कुजबुजून उच्चारायची. शिवडी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते, एखादे भयंकर बेट असावे असे वाटे. मुंबईत क्षयाचे मोठे इस्पितळ तिथे आहे हे पुढे कॉलेजात गेल्यावर कळले.

आजोबांनी एक काजूची भाट विकली आणि काकांना मिरजेला नेले. त्या काळी बेळगाव, कोकण, गोवा अशा सगळ्या टापूतले छातीचे रोगी मिरजेकडेच वळायचे. डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या नावाच्या वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांचे सॅनेटोरियम होते. काका काही महिने तिथे राहिले, अंगावर मांस चढले, खोकला थांबला आणि ते घरी आले. बरोबर गोळ्या होत्या. तेव्हाचा औषधोपचार वर्ष-दीड वर्ष चालायचा. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने, पासच्या कडवट पुड्या, आयसोनियाझिडच्या गोळ्या. इंजेक्शन रोज कोणाकडून घ्यायचे? गावातल्या कंपाउंडरकडून. म्हणजे त्याला कळणार. कळले की गावाला कळणार. त्यातच आत्याचे लग्न ठरत होते. शिवाय खोकला थांबलाच होता की! आजीने ठरवले, आता पुरे. घरातल्या कोणीही तिला अडवले नाही. काकांनीसुद्धा.

आत्याचे लग्न थाटात झाले. काका १९७१च्या पावसाळ्यात गेले. दम्याने.

हे सगळे मला कळले ते आईच्या शेवटच्या आजारपणात, तिच्याच तोंडून. चाळीस वर्षे तिने ते ताट मनात घासले होते. तिने सांगून झाल्यावर पहिले वाक्य काय म्हटले असेल? "कोणाक सांगूं नाका हां."

आणि यातली सर्वात वाईट गोष्ट पुढे आहे. ते ताट वेगळे ठेवायची काही गरजच नव्हती. क्षयाचे जंतू ताटातून, तांब्यातून, कपड्यातून पसरत नाहीत. ते हवेतून येतात. खोकल्यातून उडालेले बारीक कण कोंदट खोलीत तासन् तास तरंगतात आणि दुसऱ्याच्या छातीत जातात. त्यामुळे लागण झाली असेल तर ती गिरगावच्या त्या बंद खिडकीच्या खोलीत. औषध नियमित सुरू झाले की साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत रोग्यापासून इतरांना असणारा धोका खूप उतरतो. मद्रासमध्ये १९५६ सालापासून यावर एक मोठा प्रयोग झाला. गरीब रोग्यांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला त्यांच्याच दाटीवाटीच्या घरी ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष आला. घरी राहिलेले रोगी जवळजवळ तेवढेच बरे झाले आणि त्यांच्या घरातल्या माणसांना जास्त लागण झाली नाही. या एका प्रयोगाने साऱ्या जगाची सॅनेटोरियमे हळूहळू बंद केली. भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ साली याच पायावर उभा राहिला. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत होते. म्हणजे आमचे काका नारळाच्या खोलीत पडले होते तेव्हा उत्तर आपल्याच देशात सापडून नऊ वर्षे झाली होती. आमच्या पडवीपर्यंत ते पोचले नाही, कारण आमच्या पडवीत क्षय नव्हताच, दमा होता!

आणखी एक आठवण करून देतो. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू सापडल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी. म्हणून हा दिवस. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती. रोगाचे कारण माहीत होते, औषध नव्हते. ते यायला १९४०चे दशक उजाडावे लागले. आनंदीबाईंजवळ औषध नव्हते. आमच्या काकांजवळ ते उशाशी होते.

आज तर परिस्थिती आणखी किती बदलली आहे! सहा महिन्यांचा कोर्स. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, सगळी एकाच गोळीत एकत्र, वजनाप्रमाणे संख्या ठरलेली, रोज एकदा, फुकट. पूर्वी आठवड्यातून तीनदा देत, २०१७पासून रोज देतात. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरायचे नसते, ते रिफाम्पिसिनचे काम. तपासणीसाठी भिंगाखाली डोळे फोडत बसावे लागत नाही. ट्रूनॅट नावाचे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र आहे, थुंकीतले जंतू आणि रिफाम्पिसिनला ते दाद देतात की नाही हे काही तासांत सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. हे यंत्र कुठल्या कंपनीचे आहे ठाऊक आहे? आपल्या वेर्ण्याच्या मोलबायोचे! देशभर ज्या गोव्याच्या यंत्रावर क्षय शोधला जातो, त्याच गोव्यात माणूस दोन-दोन महिने फार्मसीतून खोकल्याचे सिरप आणून पितो, कारण आरोग्य केंद्रात गेले तर कोणीतरी पाहील. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे. यातले काहीही असेल तर थुंकी तपासायची, एवढी साधी गोष्ट आहे. ती शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण पाठ असणे आणि केंद्राची पायरी चढणे यांच्यामध्ये तो व्हॉट्सॲपचा फोटो उभा आहे.

कोणी म्हणेल, आहार द्यायला नको का? अहो, द्यायलाच हवा! आहाराची बाजू मी आणखी जोरात मांडीन. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने 'रेशन्स' नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. रोग्याच्या घरातल्या माणसांना महिन्याला जादा तांदूळ-डाळ दिली तर त्यांच्यात नवा क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी उतरले, आणि फुप्फुसाचा, पसरणारा क्षय तर ४८ टक्क्यांनी. नुसत्या तांदूळ-डाळीने! रोग्याचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले तर त्याच्या मरणाचा धोका निम्म्याहून जास्त घटला. आजी काकांना पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा द्यायची, तेव्हा तिचा हात औषधाच्या बाजूने होता, पोट तिला कळत होते. म्हणून निक्षय मित्र ही २०२२ सालापासूनची योजना, ज्यात कोणीही नागरिक वा संस्था रोग्याच्या आहाराची जबाबदारी घेऊ शकते, ती मला मनापासून पटते. तिच्यात रोग्याची संमती घ्यायची असते, तेही बरोबर. पण संमती घेतात ती आहारासाठी. मंचासाठी, माइकसाठी आणि आठ जणांच्या हातांबरोबर फोटोसाठी कोण विचारतो? आणि विचारले तरी, ज्याच्या घरात रोजंदारी बंद पडली आहे तो डाळ-तांदळासमोर नाही कसा म्हणणार?

गंमत म्हणजे फोटोशिवाय मदत कशी द्यायची ते सरकारला चांगले ठाऊक आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८पासून रोग्याच्या बँक खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा होत, नोव्हेंबर २०२४पासून ते १००० झाले. खात्यात पैसे येताना कोणी नारळ फोडत नाही. मग टोपलीलाच मंच का लागतो? रेशनच्या दुकानातून जाऊ दे, आरोग्य कर्मचाऱ्याच्या पिशवीतून जाऊ दे, संध्याकाळी काळोख पडल्यावर शेजाऱ्याच्या हातून जाऊ दे. टोपली म्हणजे औषधाचाच भाग आहे. इंजेक्शन घेताना कोणी हार घालून घेतो का?

खरे तर टोपली देणाऱ्याला फोटो हवा असतो, कारण फोटोशिवाय दान झाल्यासारखे त्याला वाटत नाही. आमच्या भागात पूर्वी भाटकार मुंडकाराला चतुर्थीला तांदूळ द्यायचा तेव्हाही अंगणात बोलावून द्यायचा, घरी पाठवत नसे. ती जुनी सवय नव्या बॅनरखाली येऊन बसली आहे.

आता दुसरे प्रकरण. २०२३ सालच्या क्षयरोग दिनी वाराणसीहून 'टीबीमुक्त पंचायत' ही मोहीम जाहीर झाली. पंचायतींनी यात उतरावे हे उत्तमच. हजार लोकवस्तीमागे वर्षाला निदान तीस संशयितांची तपासणी झाली पाहिजे असा तिच्यात निकष आहे, तो मला फार आवडला. चार हजारांचे गाव असेल तर १२० माणसांची थुंकी तपासावी लागेल. हे खरे काम. पण त्याच्याच शेजारी दुसरा निकष आहे : हजारामागे रुग्ण एकापेक्षा जास्त नसावा. म्हणजे चार हजारांच्या गावात चार रुग्ण चालतील आणि पाचवा सापडला की प्रमाणपत्र गेले! पहिल्या वर्षी कांस्य रंगाची गांधीजींची प्रतिमा, दुसऱ्या वर्षी रुपेरी, तिसऱ्या वर्षी सोनेरी. आता मला सांगा, सोनेरी प्रतिमेच्या वर्षी जो पाचवा माणूस खोकत पंचायतीत येईल त्याच्याकडे सरपंच कसे पाहतील? सरपंच भले असतील, माझे मित्रही असतील. पण वाड्यावरचे लोक त्याला काय म्हणतील ते मला आताच ऐकू येते आहे. आजी काकांना घराच्या अब्रूसाठी लपवत होती. आता गावाच्या अब्रूसाठी लपवायची सोय झाली. रुग्ण जास्त सापडले म्हणून पंचायतीचा सत्कार करा की! शोधणारा गाव म्हणा त्याला. ज्या गावात एकही सापडत नाही त्या गावाची मला जास्त भीती वाटते.

देशाचेही थोडेफार असेच झाले. १३ मार्च २०१८ रोजी दिल्लीत जाहीर झाले की जगाने २०३० ठरवले असले तरी भारत २०२५ सालीच क्षयमुक्त होईल. २०२५ येऊन गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१५ साली लाखामागे २३७ नवे रुग्ण होते ते २०२४ साली १८७वर आले. एकवीस टक्के घट ही लहान गोष्ट नव्हे, जगाच्या सरासरीपेक्षा ती बरीच जास्त आहे. पण जगातला दर चौथा क्षयरोगी अजून भारतातला आहे. आणि या सगळ्या गजरात मार्च २०२४ मध्ये केंद्राला राज्यांना पत्र पाठवून सांगावे लागले की पुरवठा अडला आहे, तीन महिन्यांपुरती औषधे तुमची तुम्ही खरेदी करा! ज्या रोगात एक दिवस गोळी चुकू नये म्हणून आपण माणसाच्या मागे माणूस लावतो, त्यात गोदाम रिकामे. त्या रिकाम्या फळीचा फोटो कोणी काढला नाही.

त्या सभागृहातून बाहेर पडताना एक गृहस्थ मला म्हणाले, "भायल्यांनी हाडलो हो रोग." मोपाचा विमानतळ झाल्यापासून हे वाक्य पेडण्यात वाढले आहे. झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेश, कर्नाटकातून आलेले मजूर, त्यांच्या पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत आठ-दहा जण. खोलीत दाटी असेल, खिडकी नसेल, पोट अर्धे असेल तर तिथे क्षय होणारच. पण ही खोली मला ओळखीची वाटते. गिरगावची ती खोली आणि ही खोली यांत फरक तो काय? तेव्हा मुंबईकरांच्या दृष्टीने भायले आम्ही होतो. खोकला घेऊन गावी परत येणारेही आम्हीच होतो. उद्या त्या झारखंडच्या पोराने भीतीने गोळ्या मध्येच टाकल्या आणि जंतूंना औषधांची सवय झाली तर ते जंतू आधार कार्ड पाहून छातीत शिरणार नाहीत.

शिवाय भायल्यांकडे बोट दाखवण्याआधी आपले रक्त तपासून घ्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वात जास्त कुठे निघाले? गोव्यात, २६.४ टक्के. मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणजे दुपारी शीत-कडी जेवून, वर दोन बेबिंकाचे तुकडे घेऊन पडवीत सुशेगाद घोरणाऱ्या आमच्यासारख्यांच्या छातीतही या रोगाने जागा राखून ठेवली आहे. क्षय म्हणजे भुकेल्यांचा रोग हे निम्मेच खरे, निदान गोव्यात.

एचआयव्हीबाधितांची ओळख उघड करू नये म्हणून २०१७ साली स्वतंत्र कायदा झाला. तो व्हावा म्हणून लोक वर्षानुवर्षे झगडले. क्षयरोग्यासाठी असे कोण झगडणार? तो सहा महिन्यांत बरा होतो आणि बरा झाला की पहिली गोष्ट करतो ती म्हणजे आपण कधी आजारी होतो हे विसरून जातो. त्याची संघटना होत नाही, मोर्चा होत नाही. तुयेच्या इस्पितळासाठी पेडणेकर रस्त्यावर उतरले, उतरायलाच हवे होते. पण इमारतीसाठी माणसे जमतात तशी या गोष्टीसाठी जमत नाहीत, कारण जमले की कळते.

आता त्या बाईविषयी. तिची ओळख पटेल असे मी इथे काही लिहिलेले नाही, दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. फोटोनंतरच्या आठवड्यात तिच्या सासूने तिला माहेरी पाठवले. ती ज्या घरात स्वयंपाकाला जात होती त्यांनी "आता बरे होईपर्यंत नको" असे गोड शब्दांत सांगितले. बरे होईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत हे त्यांनी सांगितले नाही. डॉक्टर सांगत होते की औषध सुरू होऊन दोन महिने झाले आहेत, थुंकी आता स्वच्छ आहे, कामाला जायला हरकत नाही. पण डॉक्टरांचा कागद फोटोइतका लांब जात नाही.

तिने गोळ्या सोडल्या नाहीत. याचे श्रेय त्या केंद्रातल्या एका आरोग्य सेविकेला. तिने बाईचे कार्ड माहेरच्या गावाजवळ बदलून दिले, पुढचे चार महिने फोन करत राहिली, बाईच्या दोन मुलांना आणि आईला प्रतिबंधक औषध सुरू करून घेतले. पुढच्या महिन्यात टोपलीची वेळ आली तेव्हा बाईने निरोप पाठवला, "माका ती टोपली नाका, गोळ्यो तितल्यो दिया." मग ती सेविकाच आपल्या स्कूटरच्या डिकीतून जुन्या भाजीच्या पिशवीत तांदूळ-डाळ घालून नेऊ लागली. शेजाऱ्यांना वाटे, मैत्रीण येते.

कोर्स पुरा झाल्यावर मी बाईला भेटलो. वजन सहा किलोंनी वाढले होते. गोळ्यांची रिकामी पाकिटे तिची आई चुलीत जाळत होती, केराच्या गाडीत टाकली तर कोणी पाहील म्हणून. मी म्हटले, यावर लिहू का? तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "बरय, पूण गांवाचें नांव घालूं नाका."